विंगसाठी नुसतं वेगवान पोरगं घ्यावं का? नोंदणीआधी सल्ला हवा

निवडसमितीवाला

नमस्कार मंडळी.

केएसएची, म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची, खेळाडू नोंदणी तोंडावर आलीय. आमच्या तालमीच्या फुटबॉल टीममध्ये उजव्या विंगची, म्हणजे उजव्या कडेनं चढाई करणाऱ्याची, एकच जागा मोकळी आहे आणि त्या एका जागेवरनं समितीत सरळ दोन तट पडलेत. ज्यांनी असली पोरं खेळवलीत, शिकवलीत किंवा अंगावर घेऊन अडवलीत, त्यांचं मत मला पाहिजे. तालमीचं नाव लिहीत नाही, आणि पोराचं तर नकोच. त्याच्यावर आत्तापासून दडपण कशाला.

पोरगा कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे. राधानगरी रोडवरच्या गावातला, एसटीनं येऊन-जाऊन शिकतो. मूळचा पळणारा, शंभर मीटर आणि रिले. फुटबॉल धरला तो कॉलेजात आल्यावर, तोही सरांनी टीम पुरी करायला उभा केला म्हणून. शंभर मीटरला ११.२ सेकंद लागतात असं सर सांगतात. अंगानं काटक, बोलायला एकदम कमी.

मी त्याला आंतरमहाविद्यालयीन मॅचमध्ये बघितला. मुद्दाम उजव्या टचलाइनला जाऊन उभा राहिलो, कारण स्टँडमधनं वेग दिसतो, पाय दिसत नाहीत. पहिल्या हाफात मधल्या फळीतनं त्याच्यासाठी लांब चेंडू सुटला. समोरचा बॅक, म्हणजे त्याला अडवणारा बचाववाला, चांगला पाच-सहा पावलं पुढं होता. बघता बघता पोरगं त्याच्या खांद्याला खांदा आणि मग सरळ पुढं. लोक उठून उभी राहिली. आता पुढचं ऐका. चेंडू टप्पा खाऊन कमरेएवढा वर आला, यानं मांडी लावली, चेंडू मांडीवरनं उडून दोन-अडीच मीटर लांब. दुसरा कोणी असता तर खेळ तिथंच संपला असता. यानं तो परत गाठला. मग गोललाइनजवळ त्याच भरधाव वेगात सेंटर (कडेवरनं गोलसमोर टाकायचा चेंडू) मारला आणि चेंडू गोलच्या मागं गेला. मॅचभर हेच चाललेलं. माणूस सुटतोय, चेंडू हाती काही लागू देत नाही.

म्हणजे कॉलेजच्या पातळीवर त्याच्या फर्स्ट टचची (आलेला चेंडू पहिल्या स्पर्शात ताब्यात घ्यायची) उधारी त्याचा वेग फेडतोय. शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालमीचा नाहीतर शिवाजी तरुण मंडळाचा बॅक अंगावर आला की ती उधारी कोण फेडणार, हा समितीतल्या जुन्या मंडळींचा सवाल आहे आणि तो रास्त आहे.

दुसरा उमेदवार आमच्याच गल्लीतला. गांधी मैदानावर चड्डीत खेळत होता तेव्हापासून मी बघतोय. चेंडू पायाला चिकटतो, पास वेळेवर देतो, कधी कुठं उभं राहायचं ते कळतं. पण वेग नाही. बॅकला मागं टाकून गेलाय असं मी त्याला कधी बघितलेलं नाही, आणि विंगला ते लागतंच.

माझं मन पळणाऱ्या पोराकडं झुकतंय. कारण असा एक खेळाडू लाइनला उभा असला की समोरची सगळी बॅकलाइन आपोआप मागं सरकते, आणि मग आमच्या मधल्या फळीला चेंडू घेऊन वळायला जागा मिळते. हे स्कोअरशीटवर कुठं लिहिलेलं नसतं. पण भीतीही आहे. अनिकेत जाधव आपल्या कोल्हापूरचा, २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या वर्ल्ड कपला भारताकडनं खेळला. तो लहान वयातच अकादमीत जाऊन घडला. आमचं पोरगं एकोणीस वर्षांचं आहे आणि आत्ता कुठं चेंडूशी ओळख होतेय. या वयात काय शिकवता येतं आणि काय येत नाही? आणि नोंदणीआधी एक-दोन सरावांत हे तपासायचं कसं?

स्टँडवरचा

माझं मत स्पष्ट आहे, गल्लीतलं पोरगं घ्या. दहा वर्षं तालमीच्या मैदानावर घाम गाळलेल्या पोराला बाजूला सारून कॉलेजातनं पळणारा आणला, तर खालची बारकी पोरं काय शिकतील? आणि सेंटर गोलच्या मागं मारणाऱ्या विंगरला आपलं पब्लिक दोन मॅच सहन करतं, तिसऱ्या मॅचला नाही. त्या पोराचाच जीव जाईल.

ओहायोतला_पेठकर

काका, मी मूळचा शिवाजी पेठेतला, नोकरीमुळं अमेरिकेत ओहायो राज्यात असतो. इथल्या फुटबॉलचा, म्हणजे चेंडू हातात धरून पळायच्या फुटबॉलचा, मला जबरदस्त नाद लागलाय. तुमची पोस्ट वाचली आणि ताडकन उठून बसलो, कारण तुमचा प्रश्न अक्षरशः तोच आहे जो इथं दर एप्रिलमध्ये ३२ टीमना पडतो.

आधी थोडं सांगतो. या खेळात वाइड रिसीव्हर नावाचा गडी लाइनच्या कडेला उभा असतो. ठरवून दिलेल्या रस्त्यानं पळायचं, आपल्याला धरून असलेल्या कॉर्नरबॅकला चुकवायचं आणि लांबनं फेकलेला चेंडू झेलायचा. तुमचा विंगरच, फक्त हातानं. कॉलेजातनं वर येणारी पोरं टीमा ड्राफ्टमध्ये निवडतात. सात फेऱ्या असतात, आणि आदल्या वर्षी खालच्या नंबरला राहिलेली टीम आधी उचलते. पहिली फेरी सुरू होते तेव्हा कोल्हापुरात शुक्रवारी पहाटेचे साडेपाच वाजलेले असतात. त्याआधी पोरांना इंडियानापोलिसला बोलावून घड्याळावर पळवतात: ४० यार्ड, म्हणजे साडेछत्तीस मीटर.

२०१७ ला जॉन रॉस नावाच्या पोरानं ते ४.२२ सेकंदांत काढले. त्या वेळचा विक्रम (पुढं २०२४ ला झेवियर वर्दीनं ४.२१ करून तो मोडला). आमच्या ओहायोतल्याच सिनसिनाटीनं रॉसला सगळ्यात नवव्या नंबरला उचलला. पहिल्या अख्ख्या सीझनमध्ये त्याच्या नावावर एकही कॅच नाही. दुखापतींनीही त्याला गाठलं, हे सांगायला पाहिजे, सगळा दोष त्याच्या खेळावर टाकणं बरोबर नाही. पण त्याच ड्राफ्टमध्ये ६९ व्या नंबरला कूपर कप नावाचा रिसीव्हर गेला, त्याचे ४० यार्ड ४.६२. घड्याळाप्रमाणं मंदच. त्या कपनं २०२१ च्या सीझनमध्ये १४५ कॅच, १,९४७ यार्ड आणि १६ टचडाउन (तिथला गोलच म्हणा) केले, तिन्हींत लीगमध्ये पहिला. आणि शेवटी सुपर बोलमध्ये, म्हणजे फायनलला, विजयाचा टचडाउन त्यानं झेलला तो नेमका सिनसिनाटीच्याच विरुद्ध. त्या रात्री आमच्या इथं काय सुतकी वातावरण होतं ते मला ठाऊक आहे.

एवढं वाचून तुम्ही गल्लीतल्या पोराला घ्याल, पण थांबा, दुसरी बाजूही आहे. २०१९ ला डीके मेटकाफ म्हणून एक आला. वजन १०३ किलोच्या वर आणि ४० यार्ड ४.३३ सेकंदांत. पण तीन शंकूंभोवती वळत पळायची एक चाचणी असते, तिथं त्याला ७.३८ सेकंद लागले. टॉम ब्रेडी, चेंडू फेकणारा नामी गडी, जो पळण्यासाठी कधीच ओळखला गेला नाही, त्यानं २००० साली तीच चाचणी ७.२० मध्ये केली होती. सगळे म्हणाले, हा सरळ पळतो, वळता येत नाही, कच्चा आहे. घसरत घसरत तो ६४ व्या नंबरला सिएटलकडं गेला. सिएटलनं त्याला पहिल्या वर्षी जे येत होतं तेच जास्त करायला दिलं: सरळ खोल पळ, नाहीतर दोन पावलं टाकून तिरका आत ये. पहिल्या सीझनला ९०० यार्ड, दुसऱ्याला १,३०३. बाकीचे रस्ते तो खेळता खेळता शिकत गेला.

मला यातनं जे दिसतं ते असं. रॉस आणि मेटकाफ दोघंही भन्नाट पळणारे. फरक कशानं पडला ते घड्याळ सांगत नाही. इथले चांगले स्काउट (पोरं हेरणारे) मॅचची फिल्म बघताना दोन गोष्टींवर जास्त वेळ घालवतात. पहिली म्हणजे पोरगं वेग कसा मोडतं. कच्चा रिसीव्हर वळायच्या आधी डोकं वर काढतो, छाती उभी होते, पावलं बारीक बारीक पडायला लागतात, आणि कॉर्नरबॅकला तिथंच कळतं की हा आता वळणार. पक्का गडी शेवटच्या दोन पावलांपर्यंत सरळच जाणार असं भासवतो आणि मग कंबर खाली घेऊन एकदम कापतो. दुसरी गोष्ट, सुटलेला चेंडू का सुटला. नजर चेंडूवरनं आधीच उडाली होती म्हणून, की नजर होती पण हातच दगडासारखे कडक आहेत म्हणून? पहिलं दुरुस्त होतं. दुसरं फार हळू सुधारतं, कधी कधी सुधारतच नाही. तुमच्या पोराची मांडी लागली त्या क्षणी त्याची नजर कुठं होती, चेंडूवर की बॅकवर? तुम्ही टचलाइनला उभे होता, तुम्हाला आठवत असेल. नसेल तर पुढच्या वेळी फक्त डोळे बघा.

आणि बॅकलाइन मागं सरकण्याबद्दल तुम्ही लिहिलंय ते शंभर टक्के पटलं. १९६४ च्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये शंभर मीटरचं सुवर्ण मिळवणारा बॉब हेज पुढच्या वर्षी डॅलसकडनं खेळायला लागला. त्याला एकास एक धरणं कुणाला जमेना, तेव्हा टीमांना माणूस सोडून जागा राखणारा बचाव उभा करावा लागला. एका पळणाऱ्या माणसामुळं समोरच्यांना खेळ बदलावा लागला. तेव्हा वेग फालतू आहे असं कुणी म्हणालं तर ऐकू नका.

ट्रॅकवरची_ताई

दादा, मी शाळेत खेळ शिकवते, माझी सगळी पोरं-पोरी धावण्यातली. ११.२ हा आकडा हातातल्या स्टॉपवॉचवरचा असेल तर त्यात साधारण पाव सेकंद मिळवा. हाताचं घड्याळ आवाज ऐकून सुरू होतं आणि अंदाजानं बंद होतं, म्हणून इलेक्ट्रॉनिक वेळेशी तुलना करताना ०.२४ वाढवायचा रिवाज आहे. म्हणजे ११.४ च्या पुढं. पोरगं तरीही वेगवान आहे, पण कागदावरचा आकडा आहे तसा समितीपुढं ठेवू नका.

त्याहून महत्त्वाचं, शंभर मीटरच्या वेळेचा तुम्हाला उपयोगच काय? बोल्टनं २००९ ला बर्लिनमध्ये ९.५८ लावले तेव्हा पहिले २० मीटर त्याला २.८९ सेकंद लागले आणि ६० ते ८० मधले २० मीटर १.६१. म्हणजे धावपटूचा खरा वेग फार उशिरा उघडतो. तुमच्या विंगरला मॅचमध्ये ६० मीटर सरळ मोकळे कधी मिळणार? बहुतेक वेळा दहा, पंधरा, वीस मीटरचा मामला. तेव्हा त्याला ३० मीटर पळवा आणि १० मीटरवर खूण लावा. बाजूनं मोबाइलवर स्लो मोशनमध्ये शूटिंग घ्या, नंतर फ्रेम मोजून वेळ काढता येते, स्टॉपवॉचपेक्षा किती तरी बरी. शेजारी तुमचे नेहमीचे दोन खेळाडू पळवा. पहिल्या दहात तो त्यांच्या बरोबरीलाच असेल तर त्याला पायात चेंडू देऊन उपयोग नाही, मोकळ्या जागेत पळवावं लागेल. हे कळलं की त्याला खेळवायचं कसं तेही कळतं.

मग ब्रेकची चाचणी. २० मीटर पूर्ण वेगात येऊन आखलेल्या रेघेवर थांबायचं आणि उलटं पाच मीटर जायचं. किती पावलांत थांबतो ते बघा. आम्ही धावपटूंना उंच पळायला शिकवतो: कंबर वर, गुडघा वर, पाय शरीराच्या बरोबर खाली. थांबायला आम्ही शिकवतच नाही, रेघेच्या पुढं वीस-तीस मीटर हळूहळू वेग सोडायची मुभा असते. फुटबॉलला नेमकं उलटं पाहिजे, कंबर खाली आणि पाय शरीराच्या पुढं रोवायचा. त्यामुळं त्याला थांबता येत नसेल तर तो मठ्ठ आहे असं समजू नका, त्याला ते आजवर कुणी सांगितलंच नसणार. एकोणिसाव्या वर्षी हे नक्की येतं, माझा अनुभव आहे.

बोल्टचंच पुढचं सांगते. २०१८ ला तो ऑस्ट्रेलियात सेंट्रल कोस्ट मरिनर्सकडं फुटबॉलच्या चाचणीला गेला, सरावाच्या एका मॅचमध्ये दोन गोलही केले. करार जमला नाही. तेव्हा त्याचं वय ३२. तुमचं पोरगं १९ चं आहे, ही तेरा वर्षं फार मोठी आहेत.

एक विनंती मनापासून. त्याच्या मांडीच्या मागच्या स्नायूंची काळजी घ्या. पळणारी पोरं ट्रॅकवर सरळ रेषेत जातात. इथं अचानक थांबणं, वळणं, वर दुपारच्या उन्हात कडक मैदान. सकाळी कॉलेजचा ट्रॅक आणि संध्याकाळी तालमीचा सराव असं दोन्ही पूर्ण ताकदीनं कुणी करून घेतलं तर पोरगं हंगामाच्या मध्यात बसेल. त्याच्या सरांशी आधी बोला, आठवड्याचं वेळापत्रक दोघांनी मिळून ठरवा.

जुना_लेफ्टबॅक

निवडसमितीवाले, मी आयुष्यभर डाव्या बॅकला खेळलोय, म्हणजे तुमच्या उजव्या विंगरच्या समोरच उभा. तेव्हा माझं ऐका.

नुसत्या पळणाऱ्याची भीती पंधरा मिनिटं. पहिल्या दोन चेंडूंना तो काढून नेतो, मग बॅक हुशार असेल तर पाच पावलं मागं उभा राहतो, लाइन उघडी ठेवतो, म्हणतो जा किती जायचंय ते. लाइनला गेला की गोलची जागा कमी होते, आणि पळत पळत सेंटर मारणाऱ्याचा सेंटर दहातनं आठ वेळा वाया. मी हेच करायचो. मला खरा घाम फोडला तो थांबणाऱ्यांनी. भरधाव येणार, पाय रोवून एकदम उभा, मी घसरत दोन पावलं पुढं, आणि तो परत सुटलेला. तसा एकजण आमच्या वेळी होता, मी रात्री झोपताना त्याचा विचार करायचो.

म्हणून सेंटरचं बघा. शेवटची तीन पावलं. चांगला विंगर तिथं पावलं आखडती घेतो, रोवलेला पाय चेंडूच्या बाजूला पडतो, कंबर गोलकडं वळते, मग पाय फिरतो. तुमचं पोरगं लांब ढांगेतच मारत असणार, रोवलेला पाय चेंडूच्या मागं राहत असणार, म्हणून चेंडू वर जातो आणि मागं जातो. हे शिकवायला वर्ष लागत नाही. रोज सरावानंतर वीस-पंचवीस सेंटर, आधी चालत, मग हळू पळत, मग अर्ध्या वेगात. पूर्ण वेगात शेवटी.

चाचणीत त्याला तीन प्रसंग द्या. पाठीवर बॅक चिकटलेला असताना पायात चेंडू. डाव्या पायावर चेंडू आणि उजवीकडं वाट बंद. आणि चेंडू हरल्यावर मागं पळतो का. तिसरं सगळ्यात आधी बघा. एवढा वेग असून जो विंगर आपल्या बॅकला मदत करायला परत येत नाही, त्याला मी तरी टीममध्ये घेणार नाही. आणि त्याला एकदा जरा जोरात खांदा लावायला सांगा कुणाला तरी, नियमात बसेल असा. उठल्यावर काय करतो ते बघा.

निवडसमितीवाला

सगळ्यांचे मनापासून आभार. रविवारी सकाळी त्याला गांधी मैदानावर बोलावला आणि जवळजवळ सगळं करून बघितलं. ताईंनी सांगितल्याप्रमाणं आमच्या एका पोरानं मोबाइलवर शूटिंग घेतलं.

पहिल्या दहा मीटरला तो आमच्या सेंटर फॉरवर्डच्या अगदी बरोबरीला. तिथनं पुढं मात्र अंतर पडायला लागतं आणि तीसच्या खुणेला दोघांत चांगलं एक माणूस आडवा झोपेल एवढी फट. ताई, तुमचं बरोबर निघालं, याला पायात नाही, जागेत चेंडू पाहिजे.

फर्स्ट टचचं ओहायोच्या भाच्यानं विचारलं होतं. जमिनीवरनं आलेला चेंडू तो चांगला घेतो, तळव्यानं मऊ धरतो, मला अपेक्षा नव्हती. उंचावरनं आलेला चेंडू मात्र सुटतो, आणि व्हिडिओ थांबवून थांबवून बघितल्यावर कारण दिसलं: चेंडू अंगापासनं हातभर असतानाच त्याची मान बॅककडं वळते. पाय कडक नाहीत, नजर पळतेय. मग आम्ही बॅक बाजूला काढला आणि तेच चेंडू परत टाकले, तर बरेचसे छातीवर नीट घेतले. माझ्यासाठी इथंच निम्मा निकाल लागला.

ब्रेक नाहीत. आखलेल्या रेघेच्या पुढं लांब जाऊन थांबतो, आणि थांबताना हात दोन्हीकडं पसरतात. सेंटरचं लेफ्टबॅक म्हणाले तसंच, पाय चेंडूच्या मागं रोवतो. चालत मारायला सांगितलं तेव्हा चेंडू बरोबर दुसऱ्या पोस्टवर पडायला लागले.

चेंडू हरला की मागं येतो. सांगावं लागलं नाही. आणि खांदा लावला तेव्हा पडला, उठला, खेळत राहिला. सराव संपल्यावर आमच्या बॅककडं गेला आणि त्याला विचारत होता, "दादा, मी आत वळणार हे तुम्हाला आधीच कसं कळत होतं?" बॅकनं त्याला सांगितलं की तू वळायच्या आधी खाली बघतोस. मग दोघं तिथंच उन्हात उभं राहून तेच परत परत करत बसले. दिवसभर एवढं बोललेलं ते पोरगं मी पहिल्यांदा ऐकलं.

मी समितीत त्याच्या बाजूनं बोलणार आहे. पण अटी घालून. सुरुवातीच्या मॅचना दुसऱ्या हाफात उतरवायचं, समोरचे बॅक थकल्यावर, आणि काम एकच द्यायचं: बॅकच्या मागच्या जागेत पळ आणि चेंडू मागं कापून दे, उंच सेंटर सध्या नको. मेटकाफचं उदाहरण मला फार पटलं, जे येतं तेच आधी. परीक्षेच्या काळात सराव माफ, त्यावर कुणी कुरकुर करायची नाही. त्याच्या सरांशी बोलणं झालंय, आठवड्यातले दोन दिवस ट्रॅकचे, त्या दिवशी आमच्याकडं फक्त चेंडूचं काम.

स्टँडवरचे, तुमचा मुद्दा मी टाळत नाही. गल्लीतल्या पोराला समितीचा माणूस पाठवून निरोप देणार नाही, मी स्वतः त्याच्या घरी जाऊन सांगणार. तो विंगर नाहीच, आत मध्यात खेळणारा आहे, आणि हे आम्ही त्याला दोन वर्षांपूर्वीच सांगायला पाहिजे होतं असं समितीत बोलून दाखवणार आहे. त्याला दुसऱ्या तालमीतनं बोलावणं आलं तर आमच्याकडनं अडवणूक होणार नाही, हा शब्द मी देतो.

लेफ्टबॅक, तुम्हाला एक विचारायचंय. आठवड्यातनं एखादा तास त्या पोराच्या समोर उभे राहाल का? पळू नका, नुसते उभे राहा आणि त्याला सांगा की तुम्हाला काय दिसतंय.

जुना_लेफ्टबॅक

येतो की. गुरुवारी संध्याकाळी साडेपाचला, ऊन उतरल्यावर. गुडघ्यामुळं मला वळायला वेळ लागतो, पण उभं राहायला काही अडचण नाही. त्या दिवशी मैदानाच्या कडेचा पट्टा मोकळा ठेवा, मधे क्रिकेटवाले नकोत. आणि डावा पाय विसरू नका. तुम्ही एवढं सगळं लिहिलंत, पण डाव्या पायावर चेंडू दिल्यावर काय झालं ते लिहिलंच नाही. जमलं नसेल तर तसं सांगा, तिथनंच सुरुवात करू.

निवडसमितीवाला

नाही जमलं. डाव्या पायानं नुसता ढकलतो, लागत नाही. गुरुवारी साडेपाचला पट्टा मोकळा मिळेल, त्याला आजच निरोप देतो. त्याची शेवटची एसटी सातची आहे, तेव्हा पावणेसातला सोडावं लागेल.